1942: अमेरिकेच्या दारात बुडालेली जहाजं आणि ॲडमिरल किंग

दर्याकिनारी
दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईचा विषय निघाला की सगळे मे 1943 वर जातात. त्या एका महिन्यात जर्मनीच्या 41 पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ याला उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली. मला त्याच्या आदल्या वर्षाबद्दल बोलायचंय.

जानेवारी 1942 मध्ये डोनिट्झने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहिल्या खेपेला पाठवल्या फक्त पाच पाणबुड्या. तिथे त्यांना काय दिसलं? किनाऱ्यावरची गावं दिव्यांनी झगमगताहेत, दीपगृहं चालू आहेत, जहाजं एकेकटी चालली आहेत आणि बिनतारीवर आपला ठावठिकाणा बिनदिक्कत सांगताहेत. यू-123 चा कप्तान हार्डेगन याने 14 जानेवारीला लाँग आयलंडजवळ 'नॉर्नेस' हे तेलवाहू जहाज बुडवलं, दुसऱ्या दिवशी 'कोइंब्रा'. जूनपर्यंत अमेरिकेचा किनारा, मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियन मिळून सुमारे 400 जहाजं तळाला गेली.

माझ्या मते यातला मोठा भाग टाळता आला असता आणि न टाळल्याची जबाबदारी अमेरिकन नौदलाचा प्रमुख अर्नेस्ट किंग याची. लंडनच्या पाणबुडी-माग कक्षाने पाणबुड्या पश्चिमेला निघाल्याचा इशारा वेळेत दिला होता. ब्रिटिश सप्टेंबर 1939 पासून काफिले, म्हणजे युद्धनौकांच्या सोबतीने एकत्र जाणारे जहाजांचे तांडे, चालवत होते. बरं, त्यांचं ऐकायचं नव्हतं तर घरचा अनुभव होताच. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1917 मध्ये ब्रिटनहून निघालेल्या दर चार मोठ्या जहाजांतलं एक परत येत नव्हतं, तेव्हा काफिल्यांचा आग्रह धरणाऱ्यांत सिम्स हा अमेरिकन ॲडमिरलच होता. तरी 1942 मध्ये किनाऱ्यावर नीट काफिले सुरू व्हायला मेचा मध्य उजाडला. कारण काय, तर अपुऱ्या संरक्षणाचा काफिला काफिला नसण्यापेक्षा वाईट!

तांडेल
साफ असहमत. काफिल्यांसोबत द्यायला विनाशिका (पाणबुड्यांशी लढणाऱ्या वेगवान युद्धनौका) आणायच्या कुठून, ते आधी सांगा. सप्टेंबर 1940 मध्ये अमेरिकेने 50 जुन्या विनाशिका ब्रिटनला देऊन टाकल्या होत्या. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बर झालं आणि पॅसिफिक पेटला. जानेवारीतच उत्तर आयर्लंडकडे सैन्य निघालं, त्याला संरक्षण हवं. आइसलंडपर्यंतचे अटलांटिक काफिले होतेच. पूर्व किनारा ज्याच्या ताब्यात होता त्या ॲडमिरल अँड्र्यूजकडे उरल्या होत्या जुनाट गस्ती बोटी.

आणि ते 'अपुरं संरक्षण' प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. ऑक्टोबर 1940 चा ब्रिटनकडे निघालेला एससी-7 हा काफिला आठवतो का? 35 जहाजं आणि सुरुवातीला सोबत एकच छोटी युद्धनौका. 20 बुडाली.

दर्याकिनारी
एससी-7 वर रात्री पृष्ठभागावरून कळपाने हल्ला झाला होता, क्रेट्शमरसारखे मुरलेले कप्तान त्यात होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाणबुड्या एकेकट्या शिकार करत होत्या. एकट्या पाणबुडीला काफिल्यावर फार तर एकदाच डाव साधता येतो, तेवढ्यात बाकीचा तांडा पुढे निघून जातो. सुटी जहाजं म्हणजे तिला सोयीच्या वेळी एकेक करून टिपायला मोकळी. शिवाय समुद्र एवढा अफाट, की 40 जहाजांचा काफिला शोधणं हे एक जहाज शोधण्यापेक्षा फारसं सोपं नसतं. बाकी 39 वेळा पाणबुडी रिकामाच समुद्र बघत बसते.

तांडेल
हे गणित भर समुद्राचं. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरस या भूशिराला वळसा घालून जाणारी वाट ठरलेली आहे, एका बाजूला उथळ पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दर्या. काफिला असो वा नसो, पाणबुडीने तिथे ठाण मांडायचं, जहाजं आपोआप येणार. काफिल्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गुंगारा देणं. तोच इथे बाद.

हडसनपार
न्यू जर्सीत राहतो, तिथल्या केप मे या किनाऱ्यावरच्या गावी दर उन्हाळ्यात जाणं होतं. त्याच समुद्रात 28 फेब्रुवारी 1942 ला 'जेकब जोन्स' ही अमेरिकन विनाशिका यू-578 ने उडवली. वाचले फक्त 11. ती कुठल्या काफिल्यासोबत नव्हती, एकटीच पाणबुड्या हुडकत गस्त घालत होती. तांडेल, तुमचा प्रश्न 'विनाशिका कुठून आणायच्या' हा आहे ना? ज्या होत्या त्यांचं काय केलं ते हे. जहाजांच्या सोबत राहा, पाणबुडी आपण होऊन तुमच्याकडे येईल, हे ब्रिटिश तोंड दुखेपर्यंत सांगत होते. किनारी समुद्रात अमेरिकन युद्धनौकेने पहिली पाणबुडी बुडवली ती 14 एप्रिलला, 'रोपर'ने यू-85. तीन महिने गस्तीत गेले आणि हातात एक!

दिव्यांचं तर बोलायलाच नको. 10 एप्रिलला फ्लोरिडात जॅक्सनव्हिल बीचसमोर हार्डेगनने 'गल्फअमेरिका' बुडवलं, तेव्हा मागे किनाऱ्यावर दिव्यांचा लखलखाट होता. युद्ध सुरू होऊन चार महिने झाले होते आणि हॉटेलवाल्यांना मोसमाची काळजी!

तांडेल
दिवे किंगच्या हुकमाने विझत नव्हते. गव्हर्नर, शहरं, व्यापारी, सगळे मध्ये होते. 'गल्फअमेरिका'नंतर फ्लोरिडाच्या गव्हर्नरनेच दिवे झाकायचा आदेश काढला, नौदलप्रमुखाने नाही. सगळ्याचं खापर एका माणसावर फोडायला तो माणूस तुसडा होता हे सोयीचं आहे, एवढंच. आणि 1 फेब्रुवारीपासून जर्मनांनी अटलांटिकच्या पाणबुड्यांसाठी एनिग्मा या सांकेतिक संदेशयंत्राला चौथं चक्र लावलं. ते संदेश फोडणारं ब्रिटनचं केंद्र, ब्लेचली पार्क, डिसेंबरपर्यंत आंधळं होतं, हेही हिशोबात धरा.

रत्नांग्री
दोघेही विनाशिका मोजताय. बुडणाऱ्या जहाजावर कोण होतं? नौदलाचे शिपाई मूठभर, बाकी सगळे व्यापारी खलाशी. मे 1941 पर्यंत ब्रिटिश जहाज बुडालं की खलाशाचा पगार त्या दिवसापासून बंद व्हायचा, मग तो होडीत जिवंत का असेना. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या मनुष्यबळात साधारण चौथा हिस्सा हिंदी होता, गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फुटकळ पगारावर. आमच्या रत्नागिरीचे, रायगडचे लोक डेकवर, गोव्याचे स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दालनात. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये, राहून बोट लागायची वाट बघणारे ते हेच. सप्टेंबर 1940 मध्ये मुलांना युद्धापासून दूर कॅनडाला नेणारं 'सिटी ऑफ बनारस' बुडालं, त्यातली 77 इंग्रज मुलं गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच जहाजावरचे शंभरावर हिंदी खलाशी गेले, ते किती जणांना माहीत?

तांडेल
वाईट झालं, पण हे विषयांतर आहे. 'बनारस' बुडालं 1940 मध्ये, तेही अमेरिकेच्या किनाऱ्यावर नाही.

रत्नांग्री
विषयांतर कसं? विनाशिका सैन्यासोबत गेल्या हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे हतबलता नव्हती, निवड होती. सैनिकांचं जहाज बुडालं तर वॉशिंग्टनमध्ये कुणाची तरी खुर्ची गेली असती. तेलवाहूवरचे तीस-चाळीस खलाशी गेले तर त्याची नोंद टनांमध्ये व्हायची. बुडालेला माल टनांत, बुडालेली माणसंही टनांत.

तांडेल
निवड होती, मान्य. बरोबर निवड होती. एका सैन्यवाहू जहाजात हजारो माणसं असतात. अटलांटिक पार करणारं असं एक जहाज त्या वसंतात बुडालं असतं तर आज तुम्हीच धागा काढला असता की किंगने तेलवाहू वाचवायला सैनिक मारले.

हडसनपार
हा पर्याय असाच 'हे किंवा ते' नव्हता. मार्चमध्ये ब्रिटनने पाणबुडीविरोधी 24 ट्रॉलर अमेरिकेला पाठवले, म्हणजे मासेमारीच्या बोटींवर तोफा आणि पाण्याखाली फुटणारे पाणबाँब चढवलेले. ज्यांच्या स्वतःच्या घराला आग लागलीय ते बादल्या पाठवताहेत! त्यातलं 'बेडफर्डशायर' मेमध्ये नॉर्थ कॅरोलिनासमोर सगळ्या माणसांसकट गेलं, चौघांची थडगी ओक्राकोक बेटावर आहेत. छोट्या बोटींनीही काम भागत होतं. पण अमेरिकन नौदलाने युद्धाआधी त्या पुरेशा बांधल्याच नाहीत.

दर्याकिनारी
मे-जूनमध्ये काय झालं ते बघा. फ्लोरिडातलं की वेस्ट ते व्हर्जिनियातलं नॉरफोक असे काफिले सुरू झाले आणि पाणबुड्या आखातात, कॅरिबियनमध्ये सरकल्या, जिथे अजून काफिले नव्हते. 19 जुलैला डोनिट्झने अमेरिकन किनाऱ्यावरच्या शेवटच्या दोन पाणबुड्याही काढून घेतल्या. तांडेल यांची ती ठरलेली वाट तीच होती, केप हॅटरसही तिथेच होतं. आणि खुद्द किंगचं काय म्हणणं होतं? जूनमध्ये लष्करप्रमुख मार्शलने जहाजांच्या हानीबद्दल चिंतेचं पत्र लिहिलं, त्यावर 21 जूनला किंगने उत्तर दिलं की काफिला हा अनेक उपायांतला एक नाही, यशाची आशा असलेला एकमेव उपाय आहे.

तांडेल
मग ते माझ्याच बाजूचं झालं. ज्याला काफिल्याचं महत्त्व इतकं पटलेलं होतं, त्याने जानेवारीत काफिले काढले नाहीत, ते बोटी नव्हत्या म्हणूनच.

रत्नांग्री
किंवा जूनपर्यंत पटलं. मधल्या पाच महिन्यांत कोणी काय लिहिलं ते दाखवा, जूनचं पत्र जानेवारीची साक्ष कशी देणार?