सहा आठवड्यांत नैरोबीच्या दुकानदार बायकांना हा काय शिकवणार?

रामबागची मावशी
भाचा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत सहा आठवडे केनियात, नैरोबीला चाललाय. तिथल्या छोट्या दुकानदार बायकांना धंद्याचं मार्गदर्शन करायचं म्हणे. विमानभाडं, राहणं आणि कार्यक्रमाची फी मिळून ताईचे पावणेदोन लाख गेले. म्हणजे शिकवणाराच पैसे भरणार! या मुलानं आजवर सुट्टे मोजून घेतलेले नाहीत, तो तिथे उधारी वसूल कशी करायची ते सांगणार? मी म्हटलं, आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याच्या गल्ल्यावर महिनाभर बस. घरात सगळे माझ्यावर चिडलेत. माझं काही चुकतंय का?

कंपालारिटर्न
मावशी, थोडं चुकतंय. मी असाच युगांडात गेलो होतो, एका शिवणकामवाल्या बाईंकडे. बारा स्लाइडी करून नेल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, आधी ही बटणं लाव. पण त्यांचं घरखर्च आणि कापडाचे पैसे एकाच डब्यात असायचे. आम्ही दोन डबे केले. महिनाअखेरीस कापडाला उसने पैसे घ्यावे लागले नाहीत. डोमिनिकन रिपब्लिकमधला एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यातही हेच आहे: रीतसर हिशेबशास्त्रापेक्षा असले साधे ठोकताळे छोट्या धंद्यांना जास्त उपयोगी पडले. दोन डबे सांगायला पांढरे केस लागत नाहीत.

गल्ल्यावरचा
दोन डबे माझ्या आजीला माहीत होते, तिला विमानाचं तिकीट लागलं नव्हतं.

आमचं नमकीनचं दुकान. मागे दोन परदेशी विद्यार्थी आले होते, चार आठवडे. पोरं गोड होती, खोटं कशाला बोलू. जाताना अहवाल देऊन गेली: उधारी बंद करा, पाकिटं आकर्षक करा. अहो, उधारी बंद केली तर अर्धी गल्ली समोरच्याकडे जाईल! बाबांनी दोघांना किलो-किलो शेव बांधून दिली. अहवाल अजून वजनकाट्याखाली आहे, काटा डुगडुगत नाही.

हिशेबी
भावनेचं सोडा. नैरोबीच्याच दांडोरा वस्तीत नवख्या व्यावसायिक बायकांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना वर्गात बसवून धंदा शिकवला, काहींची गाठ तिथल्याच मुरलेल्या दुकानदार बायकांशी घालून दिली. वर्गाचा नफ्यावर परिणाम दिसला नाही. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे २० टक्क्यांनी वाढला, कारण माल स्वस्त कुठे मिळतो हे त्यांना कळलं. घाऊक बाजारातली ही माहिती इंदूरच्या पोराकडे कुठून असणार?

शिवाय हा तिथे मोबाइलवरून पैसे घ्यायला शिकवणार असेल तर सांभाळून. तिथे एम-पेसा २००७ पासून आहे. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये.

कंपालारिटर्न
अभ्यास पूर्ण सांगा की. गाठीभेटी थांबल्यावर तो फायदाही हळूहळू ओसरला. म्हणजे मुरलेली बाई असो की पोरगा, पाठपुरावा नसेल तर तेच. आणि बाहेरच्या माणसाला काहीच कळत नाही असं असेल तर महेश्वरला काय झालं? सॅली होळकर अमेरिकेच्या. त्यांनी आणि रिचर्ड होळकरांनी रेहवा सोसायटी उभी केली, विणकर बायकांच्या हाताला काम मिळालं.

गल्ल्यावरचा
भिया, त्या होळकरांच्या सूनबाई! वर्षानुवर्षं विणकरांबरोबर काम केलं, पुढे विमेनवीव्ह ही हातमागाची संस्थाही काढली. तुम्ही परतीचं तिकीट आधी काढता, मग समाजसेवेला निघता.

कंपालारिटर्न
हे लागलं. बरोबर आहे तुमचं. माझ्यानंतर त्या बाईंकडे दुसरा मुलगा आला, त्यानंतर तिसरी. प्रत्येकाला त्या पहिल्यापासून सगळं सांगत बसायच्या. त्या वेळात किती झगे शिवून झाले असते, हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. पण मी शिकलो, हे मात्र खरं.

हिशेबी
मग त्याला शिकायला जाणं म्हणा आणि फीतला वाटा त्या बाईंना द्या. गुरुदक्षिणा उलट दिशेला का जावी?

रामबागची मावशी
ताईला विचारलं, फीतलं बाईंना काय मिळतं. तिला ठाऊक नाही, भाच्याला तर नाहीच. फी परत मिळत नाही एवढं मात्र दोघांना पाठ आहे. शेवटी म्हटलं, जा बाबा, पण आधी पंधरा दिवस काकांच्या किराण्याच्या दुकानात बस. काल पहिला दिवस होता. दुपारी फोन आला, "मावशी, इथे पंखा तरी लावायला सांग ना."