मदत हवी आहे: पॅरिसमधली खरेदी, परतीचं विमान फ्रँकफुर्टमार्गे, व्हॅट (खरेदीवरचा कर) परताव्यासाठी कस्टम्सची मंजुरी कुठे घ्यायची?

पॅरिसमध्ये एकाच दुकानातून १०० युरोंच्या वर खरेदी झाली. पासपोर्ट दाखवून डिटॅक्स फॉर्म (पर्यटकांना व्हॅट परत मिळवण्याचा फॉर्म) घेतलाय, परतावा कार्डावर मागितलाय.

तिकीट एकच आहे, पॅरिस–फ्रँकफुर्ट–मुंबई. मोठी बॅग पॅरिसहूनच थेट मुंबईला जाणार. त्यात कपडे, घड्याळ मात्र महागाचं, ते हातातल्या बॅगेतच ठेवणार. दोन्ही वस्तू एकाच फॉर्मवर आहेत, खरी अडचण तीच.

पॅरिस विमानतळावर पाब्लो मशीनवर (कस्टम्सची मंजुरी देणारं मशीन) फॉर्म स्कॅन करता येतो, हे माहीत आहे. पण मंजुरी युरोपियन युनियन सोडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायची असते, असंही वाचलं. दुकानदार म्हणाला, विमानतळावरच विचारा.

फ्रँकफुर्टला थांबा जेमतेम दोन तासांचा. अशा प्रवासात कुणी परतावा घेतलाय का? पॅरिसचं स्कॅन घड्याळासाठीही चालतं, की फ्रँकफुर्टच्या कस्टम्सकडे जावंच लागतं?