डी अँड डी टिकतो तो नियमांमुळे? मला नाही पटत

घोडबंदरकर: काल इथे एकाने ठासून लिहिलं की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, फासे टाकत, पात्रं वठवत गोष्ट रंगवायचा टेबलावरचा खेळ) १९७४ पासून टिकलाय तो नियम भारी म्हणून. डोकं फिरलं वाचून. २००८ ची चौथी आवृत्ती नियमांच्या बाबतीत सगळ्यांत घोटीव होती, तरी लोक पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाकडे गेले. तो काय, तिसऱ्याच आवृत्तीची डागडुजी! नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या २००० च्या खुल्या परवान्यामुळे ती करता आली. खेळ टिकतो तो आजूबाजूला खेळणारी माणसं असली की. ठाण्यात नवख्याला दुसऱ्या कुठल्या खेळाचं टेबल मिळतं, सांगा.

ऐरोली लोकल: ते मीच लिहिलं होतं. चौथीत खेळातली एकेक मारामारी तासभर चालायची, आमचा ग्रुप त्यातच फुटला. २०१४ च्या पाचवीत अ‍ॅडव्हांटेज (परिस्थिती तुमच्या बाजूने) असेल तर डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) दोनदा टाका, मोठा आकडा घ्या, संपलं. माझ्या शाळकरी भाचीला पहिल्याच सेशनला जमलं. हे श्रेय नियमांचं नाही तर कुणाचं?

नेरुळकरीण: जपानमध्ये कॉल ऑफ कथुलू हा असाच दुसरा खेळ पुढे आहे, जर्मनीत १९८४ पासून त्यांचा स्वतःचा दास श्वार्त्से आउगे. त्याचं काय? आणि आपल्याकडे मुळात जागा कुठाय? आमच्या सेक्रेटरींनी टेबलावर फासे बघितले आणि क्लबहाउसला कुलूप. म्हणे जुगार चालतो! कॅरेक्टर शीट (पात्रांची माहिती लिहिलेले कागद) दाखवल्या, नकाशा दाखवला. ढिम्म.

पाचपाखाडी: अगदी! आणि कॅफेवाले डीएमकडूनही (म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्याकडूनही) तासाचे पैसे घेतात. आठवडाभर तयारी त्याने करायची, वर पैसेही त्यानेच द्यायचे?

ऐरोली लोकल: कॅफेवाल्याने भाडं कुठून भरायचं? एका चहावर पाच तास बसणाऱ्यांमुळेच जागा बंद पडतात.

पाचपाखाडी: तोंड सांभाळून बोला. रविवारी मेगाब्लॉकमध्ये ठाण्याहून वाशीला येऊन कँपेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) चालवलंय मी. वर खिशातून पैसे भरून.

नेरुळकरीण: पाचपाखाडींचं बरोबर आहे. डीएम टिकला नाही तर कसला खेळ टिकतोय!

घोडबंदरकर: पाचवी शिकायला सोपी, मान्य. तेवढंच मान्य. पण जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीच्या कंपनीने तो खुला परवाना आवळायला घेतला तेव्हा नियम तेच होते ना? तरी लोक पेटले. शेवटी नियमांचा गाभा सगळ्यांना वापरता येईल अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्यावा लागला.

ऐरोली लोकल: पेटले कारण ते नियम त्यांना हवे होते! टाकाऊ नियमांसाठी कोण भांडतं? आणि पाचपाखाडी, डीएमकडून पैसे घेऊ नयेत, हे पटलं. चहाचं मात्र मागे घेत नाही.