राजा सर्वसत्ताधीश असेल तर मंत्रिमंडळ कशाला?

रावपुरेकर
काल बडोद्याच्या दांडिया बाजारात मित्रांशी वाद झाला. एकाचं म्हणणं, जिथे राजाचा शब्द हाच कायदा, तिथे मंत्री नुसते माना डोलावणारे. मला हे अजिबात पटलं नाही. माझे पणजोबा बडोदा संस्थानच्या कोठी कचेरीत कारकून होते. त्यांनी उतरवून घेतलेल्या एका टिप्पणीची नक्कल आमच्या पेटीत आहे. विषय एका गावच्या विहिरीचा. वर खात्याचं म्हणणं, खाली हिशेबखात्याची हरकत, मग दिवाणसाहेबांचा, म्हणजे संस्थानच्या मुख्य मंत्र्यांचा, अभिप्राय आणि अगदी तळाशी हुजूर शेरा: ‘मंजूर’. महाराजांचा शब्द एकच, पण त्यांच्यापुढे काय मांडायचं ते वरच्या तिघांनी ठरवलेलं. १८८७पासून महाराज सयाजीराव कितीदा विलायतेला गेले, महिनोन्‌महिने राहिले. राज्य अडलं का?

मस्कतवाला
काका, कागद चालवणं वेगळं आणि सत्ता हातात असणं वेगळं. मी अकरा वर्षं ओमानमध्ये काढली. तेव्हा सुलतान काबूस स्वतःच पंतप्रधान. संरक्षण, परराष्ट्र, अर्थ ही खातीही त्यांच्याच नावावर. परराष्ट्र खातं रोज सांभाळणाऱ्याचं पद काय, तर ‘परराष्ट्र व्यवहारांसाठी जबाबदार मंत्री’. नव्या सुलतानांनी ऑगस्ट २०२०मध्ये फरमान काढलं, तेव्हा कुठे परराष्ट्र आणि अर्थ खात्यांना स्वतःचे मंत्री मिळाले. सौदीत मंत्रिमंडळ बहुमताने ठराव करतं, पण राजाची मंजुरी मिळेपर्यंत तो ठराव पक्का नाही. नेमणारा तोच, काढणारा तोच. असं मंत्रिमंडळ लोकांचं कसं म्हणायचं?

रावपुरेकर
लोकांचं आहे असं मी म्हटलंच नाही. त्याला वजन असतं एवढंच म्हणतोय. दादाभाई नौरोजी १८७४ साली इथे दिवाण झाले आणि जमेना तेव्हा वर्षभरात राजीनामा देऊन मोकळे झाले. माना डोलावणारा माणूस असं करेल?

मस्कतवाला
राजीनाम्याने तेव्हाचे महाराज मल्हारराव यांचं काय बिघडलं? १८७५मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं ते इंग्रज सरकारने. बडोद्याला सर्वसत्ताधीश म्हणायचं, तर राजाच्या डोक्यावर इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, रेसिडेंट, बसलेला होता हेही सांगायला हवं.

मांडवीची सून
तुम्ही दोघं वरच्या मजल्यावरच भांडताय. मी १९१७ची गोष्ट सांगते. बाबासाहेब आंबेडकर महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून इथे नोकरीला आले. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला. तो अर्ज या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. महाराज सर्वसत्ताधीश, हेतूही चांगला, १९०६मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलेलं. तरी एका माणसाला छप्पर मिळालं नाही. अर्ज रेंगाळत ठेवणाऱ्याला जाब विचारायला महाराजांखेरीज कोणी नव्हतं, आणि त्यांच्यापर्यंत सगळंच थोडं पोचतं? धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, १९०८पासून होती, पण तिच्या मताने दिवाण बदलत नव्हता. मंत्र्यांना सत्ता होती हो काका, पण ती एखादी गोष्ट न करण्याची.

रावपुरेकर
हे मनाला लागलं. पण मग मंत्री शोभेचे होते हे म्हणणं तरी मोडलंच ना?

मस्कतवाला
मोडलं. तेवढं मान्य. पण ताईंनी सांगितलं त्याने माझा मुद्दा घट्टच होतो. उत्तर फक्त वर द्यायचं असेल, तर खाली बघायची गरज कुणाला?

मांडवीची सून
काका, त्या नकलेत विहीर कुणासाठी होती हो?

रावपुरेकर
आत्ता पेटी उघडून पाहिलं. अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांच्या, वस्तीसाठी. हिशेबखात्याची हरकत अशी: ‘गावात एक विहीर आहेच.’ दिवाणांनी ती खोडून काढली आणि महाराजांनी विहीर मंजूर केली. पुढे विहीर खणली की नाही, ते या कागदावर नाही.