नवीन लॅपटॉपमधून विचित्र आवाज येतोय, तुमचे अनुभव सांगा

रविवारी मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला, तिसऱ्या रात्री म्हणाली बाबा यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतोय. मी कान लावून बसलो तर काहीच नाही. आमचं घर कोथरूडला आतल्या गल्लीत, अकरानंतर पंखा बंद केला की चिटपाखरू नसतं, तरी नाही! मी भास म्हणून सोडून दिलं. मग तिने पेज वरखाली केलं, म्हणाली आता बदलला, चार्जर काढला तर म्हणे थांबला. पन्नाशीनंतर बारीक उंच आवाज ऐकू येईनासे होतात हे तेव्हा लक्षात आलं, पोरीवर आधी विश्वास ठेवला नाही याचं फार वाईट वाटतंय. दुकानदार म्हणतो नवीन मशीन आहे, आठ-दहा दिवसांत सेट होईल. बदलून द्यायची मुदत मात्र ७ दिवसच. कुणाला असं झालंय का, काय केलंत, सविस्तर लिहा प्लीज.

———

काका, हे कॉइल व्हाइन. मदरबोर्डवर तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी असतात, त्यातला करंट सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त होतो तशी ती थरथरतात, आणि लोड बदलला की सूर बदलतो म्हणून स्क्रोल करताना वेगळा येतो. मशीनला धोका नाही, माझा तीन वर्षं तसाच चाललाय. पण ते सेट वगैरे काही होत नाही हो! सर्व्हिस सेंटर याला फॉल्ट धरेलच असं नाही, त्यामुळे मुदतीतच दुकानात बदलून मागा. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

———

माझ्याकडे फॅनचा होता. लहानपणी सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवायचो ना, अगदी तस्सा टर्रर्र, पण फक्त लॅपटॉप मांडीवर जरा तिरका झाला की. सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर सपाट ठेवल्यावर कसा येईल? दोनदा "आवाज नाही मॅडम" म्हणून परत पाठवलं, दोन शनिवार गेले. तिसऱ्यांदा घरातले पंखे बंद करून व्हिडिओ काढला, आधी सपाट, मग तिरका. तो बघून त्याने माझ्यासमोर खालचं कव्हर उघडलं, तर वायफायच्या अँटेनाची बारीक काळी वायर क्लिपमधून निसटून फॅनच्या पात्याला घासत होती, पात्याच्या कडेला काळी भुकटीपण होती. दहा मिनिटांचं काम.

———

पहिले दोन दिवस फॅन नुसता घोंघावत होता, अपडेट आणि इंडेक्सिंग (शोधण्यासाठी फाइल्सची यादी बनवणं) चालू होतं, नंतर आपोआप शांत. गादीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

———

टक टक असेल तर आधी डेटा कॉपी करा, बाकी सगळं नंतर. भावाच्या लॅपटॉपला जुनी फिरती हार्ड डिस्क होती, एका ठेक्यात टक... टक... टक, नवीन आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. चौदाव्या दिवशी चालूच झाला नाही. कंपनीने डिस्क नवीन दिली, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो गेले ते गेलेच. आता बहुतेक एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नसतं, पण अजून हार्ड डिस्क वापरत असाल तर ऐका.

———

शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहतो, चार्जिंगला लावलं की स्पीकरमधून घुंऽऽ, आणि मेटल बॉडीला हात लागला की मुंग्या. दोन लॅपटॉप बदलून झाले! शेवटी इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडला तर तीन पिनचा होता पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. अर्थिंग करून घेतल्यावर आवाज आणि मुंग्या दोन्ही बंद.

———

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सहावा दिवस, चार्जर लावून आणि काढून व्हिडिओ केला आणि दुकानात गेलो. मालक माझ्याच वयाचे, त्यांनाही ऐकू येईना. काउंटरवर कॉलेजचा मुलगा होता, त्याला बोलावलं, त्याने लॅपटॉप कानाशी धरला आणि लगेच म्हणाला "येतोय की". दुसरा पीस उद्या येतोय, तो दुकानातच चार्जर लावून आमची मुलगी तपासणार.