ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' बुडाली आणि दोष अधिकाऱ्यांवर : चिल्डर्सचं वागणं तुम्हाला पटतं का?

गलबत : ह्यू चिल्डर्स हा ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचा नौदलमंत्री, १८६८ ते ७१. काटकसरीसाठी वूलिच आणि डेप्टफर्डच्या गोद्या बंद केल्या, त्याबद्दल मी भांडत नाही. माझा राग वेगळाच आहे. जानेवारी १८६९ मध्ये यानेच नियम करून घेतला की नौदलाच्या कारभाराला मंत्री एकटा जबाबदार, आणि नौदल चालवणाऱ्या बोर्डाच्या बैठका नावापुरत्या उरल्या. मग ७ सप्टेंबर १८७० ला मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेर भूशिरापाशी 'कॅप्टन' उलटली, पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, वाचले फक्त १८, तेव्हा लांबलचक टिपण लिहून ठपका ठेवला जहाजांचा मुख्य रचनाकार रीड आणि कंट्रोलर, म्हणजे जहाजबांधणी खात्याचा प्रमुख, रॉबिन्सनवर! जो रीड या जहाजाला आधीपासून विरोध करत होता त्याच्यावर! अधिकार माझे आणि चूक तुमची, हे कसं काय?

दीपस्तंभ : अरे त्या बोटीवर चिल्डर्सचा स्वतःचा मुलगा होता, लेनर्ड, मिडशिपमन म्हणजे शिकाऊ अधिकारी. 'मोनार्क' या दुसऱ्या युद्धनौकेवरून बापानेच तिकडे पाठवला होता, बुडाला बिचारा. बोटीवर भरवसा नसता तर कोणी पोटचा पोरगा पाठवेल का? आणि बांधायची परवानगी आधीच्या मंत्र्यांनी दिलेली, चिल्डर्स आला तेव्हा काम बरंच पुढे गेलेलं. शिवाय चाचण्यांनंतर रिपोर्ट चांगला आला होता, हेही सांग ना.

गलबत : रिपोर्टचं मान्य. मुलाचं वाचून मलाही गलबलून येतं. पण आकडे बघ, पाण्याच्या वर आठ फूट बाजू राहायला हवी होती, राहिली जेमतेम साडेसहा, त्यात वरती उंच डोलकाठ्या आणि पूर्ण शिडं. कोर्ट मार्शलने साफ लिहिलंय की संसदेतून आणि इतर मार्गांनी आलेल्या लोकमतापुढे मान तुकवून, कंट्रोलरच्या खात्याच्या मताविरुद्ध हे जहाज बांधलं. तरी रॉबिन्सनचंच पद गेलं!

चष्मेवाला : मला तर चिल्डर्स पुढे गृहमंत्री झाला तेव्हाची आठवण झाली. फेब्रुवारी १८८६, खुर्चीत बसून दोन दिवस झाले आणि लंडनच्या ट्राफल्गार चौकातला बेकारांचा जमाव पॅल मॅल रस्त्यावरून श्रीमंतांच्या क्लबांच्या काचा फोडत गेला. पोलिसांची राखीव तुकडी पाठवायची होती पॅल मॅलला, निरोप चुकीचा कळला आणि ती गेली 'द मॉल'वर. पोलीस आयुक्त हेंडरसनने राजीनामा दिला, आणि चौकशी समितीचा अध्यक्ष कोण, तर स्वतः चिल्डर्स. दोन्ही वेळेला खालचा माणूस गेला.

दीपस्तंभ : दोन दिवसांत कोणता मंत्री पोलिसांचे निरोप तपासत बसेल? तिथे चूक आयुक्ताच्या कचेरीचीच होती, मी तरी चिल्डर्सला धरणार नाही. 'कॅप्टन'चं म्हणशील तर ते टिपण त्याने मुलगा जाऊन तीन महिनेही झाले नसताना लिहिलं, नोव्हेंबर अखेरीला. तेव्हा तरी कोणी त्याच्या हातातून कागद काढून घ्यायला हवा होता, एवढं मी कबूल करतो.