दूध वाहतंय म्हणजे नशीबवान म्हणे!

सुरंगी_वेंगुर्ला: परवा इथे एका काकूंनी लिहिलं, "दूध गळतं म्हणून रडणाऱ्या मुलींनी आधी ज्यांना दूधच येत नाही त्यांच्याकडे बघावं. ही देवाची कृपा आहे. दूध टिपायचे पॅड-बिड ही शहरी नाटकं." तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढला.

दुसरं बाळ मुलगी, सात आठवड्यांची. थोरल्याच्या वेळी चौथ्या दिवशी दूध उतरलं होतं, या वेळी दुसऱ्याच रात्री. ही एका बाजूला लागली की दुसरी बाजू धारेला लागते. थोरला पडून रडला तरी सुटतं, शेजारचं पोर रडलं तरी सुटतं, काल कुकरच्या शिट्टीला सुटलं. तिला पहिल्या धारेलाच ठसका लागतो, ती तोंड काढते आणि मग तिच्या डोळ्यात, कानात, माझ्या गादीवर. पोट गच्च, शी हिरवट आणि फेसाळ.

आणि महिना जुलै. आईच्या जुन्या लुगड्याचे दहा पॅड शिवलेत, रोज धुते त्यातले तीन वाळतात. बाकीचे दोरीवर लोंबत कुबट होतात. एकदा घाईत दमट पॅड लावला तर आठवड्याभरात स्तनाग्रांना आग, आणि बाळाच्या जिभेवर पांढरे चट्टे. डॉक्टर म्हणाले बुरशी, औषध दोघींना लागेल. त्यात सासूबाई रोज दोन अळिवाचे लाडू आणि शतावरी पुढे करतात, कारण "दूध कमी पडायला नको". याला कृपा म्हणायचं असेल तर काकूंनी माझी गादी एकदा हुंगून जावी.

आबोली_६२: ती काकू मीच. नाव घ्यायला लाजलात कशाला?

१९८६ साली माझ्या थोरल्याला माझं दूध पुरलं नाही. शेजारच्या गाईचं पाणी घालून वाटी-चमच्याने पाजलं. चौथ्या महिन्यात जुलाब लागले, तेव्हा होडीने खाडी उतरून दवाखान्यात नेला. पोर वाचलं. पण आजही कुणी "माझं दूध वाया जातं" म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. धाकट्याच्या वेळी भरपूर आलं, तेव्हा पदराखाली फडकं धरून सगळं केलं. त्याचा कुठे गवगवा केला नाही.

सुरंगी_वेंगुर्ला: काकू, तुमच्या थोरल्याचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण माझी गादी कोरडी झाली असती तर त्याला दूध मिळालं असतं का? आणि तुमचं ते पदराखालचं फडकं म्हणजेच पॅड. फक्त तुम्ही त्याला नाटक म्हणत नव्हता.

नुस्तेकार_मालवण: गो सुरंगी, मोरी खा! आमच्या आवशीन माझ्या बायलेक रोज मोरयेचा सार घातल्यान, दूध कसा धो धो!

कुडाळची_सून: ओ, वाचूक येता मा? तिका दूध जास्त झाला, म्हणान तर ती रडता! आणि तुमी आणखी मोरी घालताहास!

नुस्तेकार_मालवण: जास्त झाला तरी मोरी चांगलीच. कंबरेक बळ येता.

पोपटी_पोयनाड: मोरी म्हणजे सांडपाण्याची ना? आमच्या अलिबागकडे त्याला मुशी म्हणतात. मुशीचं सुकं बाळंतिणीला, हे बरोबर आहे.

नुस्तेकार_मालवण: अलिबागवाल्यांनी माशाची नावां शिकवू नयेत.

दापोलीचा_मास्तर: दोन्ही नावं शार्कचीच. आणि मुद्द्याचं बोलायचं तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध खात्याने) गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांच्या यादीत शार्क घातलाय. दुसऱ्या माशांवर जगणारा मासा, त्याच्या अंगात पारा साठत जातो. बांगडा, तारली खुशाल खा.

नुस्तेकार_मालवण: अमेरिकेत कोणी मोरयेचा सार खाल्लाहा? आमच्या सात पिढयो खाऊन वाढल्यो. आणि आमी खाताव ती हातभर पिल्लां, सिनेमातलो शार्क नाय.

दापोलीचा_मास्तर: लहान माशात पारा कमी असतो, एवढं मान्य. पण ती हातभर पिल्लं मोठी होऊन विण्याआधीच तुम्ही जाळ्यात ओढता, मग मासे कमी झाले म्हणून आंदोलनं करता.

नुस्तेकार_मालवण: आंदोलनां मोठी जाळी घालणाऱ्या पर्ससीनवाल्यांविरुद्ध करताव! एलईडी लावून रातचे मासे ओढतत ते दिसत नाय तुमका? मास्तरांनी खडू सांभाळूचो.

*(इथून पुढचे अकरा प्रतिसाद पर्ससीन, एलईडी दिवे आणि डिझेलच्या परताव्यावर आहेत. त्यात दोन जणांनी एकमेकांच्या होड्यांचे नंबर काढले. ते नियामकांनी वेगळ्या धाग्यात हलवले.)*

वॉर्डातली_ताई: झालं का? आता मी बोलते. बावीस वर्षं प्रसूती वॉर्डात आहे.

दुसऱ्या खेपेला दूध लवकर आणि जोरात उतरतं, कारण दुधाच्या ग्रंथी पहिल्या वेळीच तयार झालेल्या असतात. रडणं कानावर पडलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो. शिट्टीलाही फुटतो, त्यात तुझी काही चूक नाही. बहुतेकींचं दूध सहा ते बारा आठवड्यांत बेताचं होतं.

तोवर एक सांगते. पान्हा सुटतोय असं वाटलं की दुसऱ्या बाजूला तळहाताने सरळ छातीकडे दाबून धर. चारचौघात असशील तर हाताची घडी घालून दाब, कुणाला कळत नाही. पाजताना तू मागे रेल, बाळ वर, म्हणजे धार घशात आदळत नाही. पंप घेऊन स्तन रिकामे करत बसू नकोस. जेवढं बाहेर जाईल तेवढं शरीर दुसऱ्या दिवशी बनवतं. फार ठणकत असेल तर हाताने थोडं सैल होईपर्यंतच काढ. काही तास एकाच बाजूला पाजायचं, मग दुसरी, अशी पद्धत आहे. पण ती बाळाचं वजन दाखवून, डॉक्टरांशी बोलूनच. वजन नीट वाढत नसताना परस्पर केलीस तर दूध नको तितकं कमी होईल.

आणि ते लाडू बंद कर. निदान तू तरी खाऊ नकोस.

कुडाळची_सून: पण पंप केला नाही तर गाठी होतत ना? माझ्या नणंदेक १०३ ताप इल्लो. शेकून आणि रगडून गाठ फोडल्यानी, ती बोंबलत होती.

वॉर्डातली_ताई: रगडणं ही जुनी खोड. पूर्वी आम्हीही तेच सांगायचो, खोटं कशाला बोलू. २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने सल्ला बदलला: जोरात चोळू नका, जास्त काढू नका, सूज असेल तर थंड ठेवा. ताप, थंडी वाजणं, लाल तापलेला भाग दिसला तर मात्र घरगुती काही नको, दवाखाना गाठायचा.

चाकरमानी_डोंबिवली: मला एक कळत नाही. एवढं दूध वाया का घालवायचं? दान करा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईतच निघाली, सायन रुग्णालयात, १९८९ साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कमी वजनाच्या बाळांना उपयोग होईल. गावाकडे जागृतीच नाही.

सुरंगी_वेंगुर्ला: वा. पेढी चांगलीच आहे, त्यावर वाद नाही. पण माझ्या पॅडात जिरलेलं दूध पिळून देऊ का? दान करायचं तर पंप करायला लागेल, आणि ताईंनी आत्ताच काय सांगितलं? समजा काढलं, तर बर्फाच्या डब्यात घालून मांडवी एक्स्प्रेसने सीएसएमटीला धाडू? पावसात वाटेत गाडी अडकली तर दही होईल.

कुडाळची_सून: गणपतीक चार दिवस येतत आणि जागृती शिकवून जातत.

चाकरमानी_डोंबिवली: बोललो ते चुकलंच. यापुढे गावाबद्दल तोंड उघडणार नाही, फक्त वर्गणी देईन.

दापोलीचा_मास्तर: वापरून फेकायचे पॅड का नाही घेत?

सुरंगी_वेंगुर्ला: बाहेर जाताना घेते. पण वाडीत घंटागाडी येत नाही. पावसात जाळता येत नाहीत, पुरले तर कुत्री उकरतात. आणि तेही दर दोन तासांनी बदलले नाहीत तर आतून ओलेच. बदलायचे कुठे? एका स्टँडवर बाळाला पाजायचा हिरकणी कक्ष शोधला, तर आत जाहिरातींचे फलक आणि मोडकी बाकडी. हिरकणी पोरासाठी रायगडाचा कडा उतरली, तिच्या नावाच्या खोलीत मला पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवासीण होती एक भली, तिने ओढणी आडवी धरली.

आबोली_६२: मी वाचत होते सगळं. चूल आहे ना घरात? चुलीपासून चार हात वर दोरी बांध. आधी पंख्याखाली निथळू दे, मग रात्री विझत्या निखाऱ्यावर टोपली उपडी घालून त्यावर पसर. लंगोट आम्ही तसेच वाळवायचो. सकाळी कडकडीत. धुराचा वास येतो, पण कुबट येत नाही.

सुरंगी_वेंगुर्ला: चूल पडवीत आहे, आंघोळीच्या पाण्याची. टोपलीचं डोक्यात आलं नव्हतं. बघते.

आबोली_६२: माझी दोन सुती लुगडी पडून आहेत, धुऊन मऊ झालेली. वेंगुर्ल्याला भाचा येतो शनिवारी, त्याच्या हाती देईन. पण कृपा म्हटलं ते मी मागे घेत नाही.

सुरंगी_वेंगुर्ला: नका घेऊ. लुगडी मात्र द्या. लाडू नवरा खातोय, दोन किलो वाढला. जाते आता, ती कुशीवर वळलीय. अजून रडलीही नाही, गाऊन आधीच भिजला.

नुस्तेकार_मालवण: आणि ता मुशी नाय. मोरीच.